वाचकांचे प्रश्न : हेपेटायटिस सी आणि घरचे ताट

या वेळी एकाच आजाराविषयी चार पत्रे आली आहेत, म्हणून हे सदर त्या चार पत्रांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले, तेव्हा हेपेटायटिस सी असल्याचे कळले. लिव्हर अजून चांगले आहे असे डॉक्टर म्हणाले आणि बारा आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याला आता पाच आठवडे झाले. सासूबाईंनी "कावीळच ती" म्हणून तेल, तूप, हळद, डाळ, अंडी सगळे बंद केले आहे. मऊ भात, ताक, साळीच्या लाह्या आणि रोज उसाचा रस एवढेच ते घेतात. वजन ६२ किलोवरून ५७ वर आले आहे. त्यांचे ताट आणि तांब्याही वेगळा ठेवला आहे. हे पथ्य आणखी किती दिवस चालवावे? — एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, हे पथ्य आजपासून थांबवावे. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती पाच किलो घटलेल्या वजनाची. हल्लीच्या गोळ्यांनी सहसा असे वजन उतरत नाही. तुम्ही लिहिलेल्या आहारात मात्र माणसाला लागते त्याच्या निम्मीही प्रथिने नाहीत, आणि प्रथिने कमी पडली की शरीर स्वतःच्याच स्नायूंमधून ती काढून घेते. वजन उतरल्याचे पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही सांगावे, म्हणजे दुसरे काही कारण असल्यास तेही तपासले जाईल.

सासूबाईंचे पथ्य आले कोठून, हे समजून घेतले तर त्यांच्याशी बोलणे सोपे जाईल. आपल्याकडे पावसाळ्यात दूषित पाण्यातून जी कावीळ पसरते ती हेपेटायटिस ए आणि ई या विषाणूंची. तिच्यात सुरुवातीला मळमळ असते, अन्नावरची वासना जाते, तळलेल्याचा वासही सोसत नाही. अशा वेळी पेज, ताक आणि लाह्या पोटात टिकतात, आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायकांनी हे पाहिले आणि त्याचे पथ्य झाले. हेपेटायटिस सी हा वेगळा विषाणू आहे. तो रक्तातून येतो, वर्षानुवर्षे मुक्काम करतो, आणि बहुतेकांना त्या काळात डोळे पिवळे होणे वगैरे काहीच जाणवत नाही. तुमच्या यजमानांना मळमळ नाही, भूक आहे, यकृताचे कामही चालू आहे; त्यांना आजाऱ्याच्या अन्नावर ठेवण्याचे कारणच नाही.

हळदीचे तर अगदी स्पष्ट सांगते. काविळीतला पिवळेपणा बिलिरुबिन नावाच्या द्रव्याचा असतो, जे यकृताला बाहेर टाकता येत नाही म्हणून रक्तात साठते. भाजीतल्या चिमूटभर हळदीचा त्याच्याशी संबंध नाही. (हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र घेऊ नयेत, त्यांतील मोठ्या मात्रेमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.) उसाच्या रसाने यकृत "धुतले" जात नाही. तो मुख्यतः साखर आणि पाणी आहे, आणि भारतात सर्वाधिक आढळणारा या विषाणूचा तिसरा प्रकार आधीच यकृतात चरबी साठवतो, त्यात रोजची इतकी साखर नको. शिवाय गुऱ्हाळावरचा बर्फ कोणत्या पाण्याचा असेल ते सांगता येत नाही. एका विषाणूवर उपचार चालू असताना त्या ग्लासातून हेपेटायटिस ए किंवा ई घरी आणणे फार महागात पडेल.

मग खावे काय? घरात सर्वांसाठी होते तेच. ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा पोळी, नेहमीच्या फोडणीचे वरण किंवा आमटी, मटकी-मुगाची उसळ, पालेभाजी, दही, दूध, अंडी, आणि खात असतील तर मासे व कोंबडी. आपल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे एक ग्रॅम प्रथिन हा साधा हिशेब धरावा. एका अंड्यात सहा ग्रॅम, एक वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढेच आणि एका भाकरीत चार-पाच ग्रॅम मिळतात, म्हणजे पोटभर जेवणाऱ्या माणसाला साठ ग्रॅम गाठणे मुळीच अवघड नाही. तेल-तूप बेताने असावे, पण असावे. गेलेले पाच किलो भरून येईपर्यंत दुपारी चारला एक उकडलेले अंडे किंवा शेंगदाण्याचा लाडू जरूर द्यावा.

शेंगदाण्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या स्वयंपाकघरातली एक खरीखुरी धोक्याची जागा येथे सांगायला हवी, कारण हळदीला घाबरणारी घरे तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष करतात. ओल लागलेल्या शेंगदाण्यांवर आणि मक्यावर जी बुरशी येते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते आणि भाजल्याने किंवा शिजवल्याने पूर्णपणे जात नाही. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले, चवीला कडवट दाणे निवडून टाकून द्यावेत. कुटात ते खपवू नयेत. कूट थोडे थोडे करावे आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

ताट-तांब्या वेगळा ठेवण्याची काहीही गरज नाही. हेपेटायटिस सी अन्नातून, पाण्यातून, उष्ट्या भांड्यातून, एकत्र जेवण्यातून किंवा मिठी मारण्यातून पसरत नाही. वेगळे ठेवायचे ते फक्त दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर, कारण त्यांना रक्त लागलेले असू शकते. पंगतीतून बाजूला बसवलेला माणूस दोन घास कमीच खातो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. सासूबाईंना दोष देऊ नका. मुलाच्या काळजीपोटी, त्यांना ठाऊक होते ते सर्व त्यांनी केले आहे. पुढच्या भेटीला त्यांनाच बरोबर घेऊन जा आणि "आई, तुम्हीच विचारा डॉक्टरांना" असे म्हणा. आणि यजमानांचे ताट आज रात्रीच सर्वांच्या ओळीत मांडा.

प्रश्न : मी ४७ वर्षांचा असून मला मधुमेह आहे. त्यासाठी साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात हेपेटायटिस सीची औषधेही सुरू झाली. मी संकष्टी आणि एकादशी करतो. ते चालेल का? मित्राने गुळवेलीचा काढा सुचवला आहे, तो रोज घेतो. पित्तासाठी सकाळी एक कॅप्सूल असते. चहा-कॉफीचे काय? — एक वाचक, पुणे

आपल्या पत्रातील काढ्याचे उत्तर देण्याची सर्वांत जास्त घाई आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते. काढा आज बंद करा. कोविडच्या काळात गुळवेल घरोघरी घेतली गेली, आणि ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली. अश्वगंधा आणि हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांबाबतही अशा नोंदी आहेत. प्रत्येकालाच त्रास होतो असे नाही, पण आपले यकृत आधीच सुजलेले आहे, आणि उद्या रक्तातील एन्झाइम्स वाढली तर ती विषाणूने, औषधाने की काढ्याने हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. वनस्पती म्हणून ती निरुपद्रवी, हा समज येथे उपयोगाचा नाही.

पित्ताची कॅप्सूल हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा. आपल्या औषधांत वेलपाटासविर असेल, तर ते शरीरात नीट शोषले जाण्यासाठी जठरात आम्ल लागते. ओमेप्रॅझोलसारखी पित्तशामके ते आम्लच कमी करतात, आणि औषधाची मात्रा रक्तात अपुरी पडू शकते. जेवणानंतर घ्यायच्या अँटासिडच्या पातळ औषधाचेही तेच. त्यात आणि या गोळीत चार तासांचे अंतर हवे. डॅक्लाटासविर असेल तर ही अडचण नाही. आपल्या पाकिटावर कोणते नाव आहे ते पाहून, कॅप्सूल चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारावे. रात्रीचे जेवण साडेआठाच्या आत, तिखट आणि तळलेले बेताचे, आणि जेवल्याबरोबर आडवे न होणे, एवढ्याने पुष्कळांचे पित्त बसते.

आता उपास. सोफोसबुविर ही हेपेटायटिस सीची मुख्य गोळी आणि तिच्या जोडीच्या गोळ्या पोट रिकामे असताना किंवा जेवणाबरोबर, कशाही घेता येतात. त्यामुळे उपासाच्या दिवशी गोळी चुकवण्याचे कारण नाही. वेळ मात्र रोज तीच ठेवावी. खरी अडचण आपल्या मधुमेहाची आहे. विषाणू हटू लागला की शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, आणि साखर पूर्वीच्याच गोळ्यांवर अनपेक्षितपणे खाली जाऊ शकते. त्यात चंद्रोदयापर्यंतचा निर्जळ किंवा निराहार उपास म्हणजे घाम फुटणे, हात थरथरणे, चक्कर येणे यांना आमंत्रण. या तीन महिन्यांत उपास सोडावेत असे मी सुचवेन. मन मानत नसेल, तर दर तीन तासांनी काही खावे. साबुदाण्याच्या खिचडीने आणि बटाट्याने साखर आधी झरझर चढते. त्याऐवजी दही, दूध, मूठभर चांगले शेंगदाणे, वरईचा थोडा भात आणि शेंगदाण्याची आमटी बरी. घरी ग्लुकोमीटर असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा साखर पाहावी आणि आकडे लिहून डॉक्टरांना दाखवावेत.

कॉफी चालते, नुसती चालतेच नव्हे तर रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांच्या यकृतात व्रण पडण्याचे प्रमाण कमी आढळले आहे. ती बिनसाखरेची घ्यावी. चहाने अपाय नाही, पण प्रत्येक कपातील दोन चमचे साखर आपल्याला नको.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे. हेपेटायटिस सीमुळे सिरोसिस झाला असून पोटात पाणी झाले होते. मध्यंतरी ते दोन दिवस भ्रमल्यासारखे बोलत होते, तेव्हापासून आम्ही मासे, डाळ सगळे बंद केले. नव्या गोळ्या सुरू झाल्या आहेत, त्यांत रिबाविरिनही आहे. ते फार अशक्त झाले आहेत. बिडाच्या कढईतले जेवण आणि लोहाच्या गोळ्या द्याव्यात का? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

सिरोसिस (म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होणे) झालेल्या माणसाचा आहार वर लिहिलेल्या आहारापेक्षा निराळा असतो, म्हणून आपण वेगळे विचारलेत हे बरे केलेत. भ्रम झाला की प्रथिने तोडायची, असे पूर्वी डॉक्टरही सांगत असत. आज तसे सांगितले जात नाही. रक्तातील अमोनिया हटवण्याचे काम यकृताखालोखाल स्नायू करतात. प्रथिने तोडून स्नायू झिजवले तर भ्रमाचा धोका वाढतो. वडिलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन लागेल. हे वजन पोटातले पाणी धरून मोजू नये. दूध, दही, पनीर आणि डाळी अशा रुग्णांना जास्त मानवतात, म्हणून त्यांवर भर द्यावा. ताजे मासे आणि अंडीही द्यावीत. रोज दोन-तीनदा शौचास साफ होणे अत्यावश्यक आहे, आणि त्यासाठी दिलेले लॅक्टुलोजचे पातळ औषध गोड लागते म्हणून टाळू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट रात्रीची. निरोगी यकृत रात्रभर पुरेल इतकी साखर साठवून ठेवते. सिरोसिसच्या यकृतात तो साठा फार तोकडा असतो, आणि रात्रीच्या आठ-दहा तासांत अशा माणसाच्या शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासाने होते. म्हणून संध्याकाळी सातला जेवून सकाळी नऊला नाश्ता, हे त्यांच्यासाठी घातक आहे. झोपण्यापूर्वी दूध-पोहे, नाचणीचे सत्त्व, दुधातली शेवयांची खीर किंवा दूध-भाकरी, यांपैकी काही रोज द्यावे. सकाळी उठल्यावर तासाभरात पुन्हा काही पोटात जावे. मधल्या वेळांसह पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे पोट जड असताना सोसतेही.

पोटात पाणी झालेल्याला दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा जास्त, म्हणजे सपाट एका चहाच्या चमच्याहून अधिक मीठ नको. कोकणातल्या घरात हे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा, लोणचे, पापड, सांडगे, फरसाण आणि खारी बिस्किटे हे सारे बाजूला ठेवावे लागेल. खाण्याचा सोडा आणि पापडखारातही सोडियम असतेच. त्या जागी बिनमिठाचे आमसूल, लिंबू, ओले खोबरे, कोथिंबीर, आले, लसूण, तिरफळ यांनी चव आणावी. भाकरीच्या पिठात मीठ घालू नये. बाजारातले "कमी सोडियमचे मीठ" डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये, कारण त्यात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोन ही पाणी उतरवण्याची गोळी पोटॅशियम आधीच वाढवते. आळणी जेवणामुळे मात्र त्यांचे खाणेच निम्म्यावर आले, तर थोडे मीठ वाढवून पोटभर जेवू द्यावे आणि तसे डॉक्टरांना सांगावे.

कालवे कच्ची किंवा अर्धकच्ची कधीही देऊ नयेत. समुद्राच्या पाण्यातील एका जिवाणूचा संसर्ग सिरोसिसच्या रुग्णाच्या जिवावर बेततो. तिसऱ्या, कालवे, खेकडे पूर्ण शिजलेलेच हवेत.

रिबाविरिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरते. हा लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय नव्हे. तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नयेत, कारण जादा लोह याच यकृतात साठून त्याला इजा करते. रोजचा स्वयंपाकही बिडाच्या कढईत मुद्दाम करू नये. रिबाविरिन जेवणाबरोबर द्यावे, आणि धाप लागू लागली तर हिमोग्लोबिन लगेच तपासावे. गरज असेल तर डॉक्टर त्याची मात्रा कमी करतात.

प्रश्न : माझे उपचार संपले. त्यानंतर बारा आठवड्यांनी विषाणू नाही असा रिपोर्ट आला, पण दुसऱ्या प्रयोगशाळेत अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. मी बरा झालो की नाही? आणि आता लग्नकार्यात एखादा पेला घेतला तर? — एक वाचक, नाशिक

आपण बरे झाला आहात. अँटिबॉडी ही आजार होऊन गेल्याची खूण असते आणि ती बहुधा आयुष्यभर रक्तात राहते. यापुढे कधी शंका आली तर आरएनए ही थेट विषाणू शोधणारी तपासणी करावी, अँटिबॉडीची नव्हे. त्या अँटिबॉडीने संरक्षण मात्र मिळत नाही, संसर्ग पुन्हा होऊ शकतो.

पेल्याबद्दल माझे उत्तर "नको" असे आहे. विषाणू गेला तरी त्याने केलेले व्रण यकृतात उरलेले असू शकतात, आणि ते हळूहळू भरून येण्याच्या काळात दारूइतके दुसरे काहीही नडत नाही. उपचारांपूर्वीच्या फायब्रोस्कॅनचा, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचा, कागद काढून पाहा. त्यावर सिरोसिस लिहिलेला असेल, तर दारू कायमची वर्ज्य आहे, आणि विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करत राहायला हवी.