अर्जात जेवढे खरे, तेवढेच

ताई, तुमचे पती तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेले. वकील म्हणतात, घटस्फोटाच्या अर्जात व्यभिचार आणि हुंड्याची मागणीही टाकू. चर्चच्या मंडळीतले काही जण म्हणतात, अर्ज करणे हेच पाप. यातून सचोटी कशी राखायची, असा तुमचा प्रश्न आहे.

मंडळीचे आधी. देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे, हे बायबलमधले मलाखी 2:16 तुम्हाला सगळे ऐकवतील. त्यांनी 1 करिंथ 7:15 सुद्धा वाचावे. विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर मागे राहिलेले माणूस बांधलेले नाही, असे प्रेषित पौल तिथे लिहितो. ख्रिस्ती जोडीदारच टाकून गेला तर हे लागू होते का, यावर मतभेद आहेत, म्हणून पाळकांशी समोरासमोर बसून बोला. तुम्ही कॅथलिक असाल तर विवाह रद्द ठरवण्यासाठी धर्मप्रांताच्या (चर्चच्या) न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज लागतो. तिथला निर्णय दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची जागा घेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले आहे.

खरी कसोटी अर्जाच्या मजकुरात आहे. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, 1869 चा घटस्फोट कायदा लागतो. 2001 च्या दुरुस्तीनंतर अर्जाआधी सलग किमान दोन वर्षे सोडून जाणे हे कलम 10 खाली स्वतंत्र कारण आहे. तुमच्याकडे ते आहे, मग संशयावर व्यभिचार कशाला? व्यभिचाराचा आरोप केला तर कलम 11 प्रमाणे त्या स्त्रीलाही सहप्रतिवादी करावे लागते, न्यायालयाने सूट दिली तरच टळते. पुराव्याशिवाय एका बाईचे नाव कागदावर घालणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष, दहा आज्ञांत मनाई असलेलीच. शिवाय उलटतपासणीत एक आरोप कोसळला की खऱ्या आरोपांवरचाही विश्वास उडतो.

परस्परसंमतीने करायचे ठरले तर मोह दुसरा. कलम 10अ मध्ये दोन वर्षे वेगळे राहिल्याची अट लिहिलेली आहे, म्हणून जोडपी वेगळे झाल्याची तारीख मागे ढकलतात. तुमची तीन वर्षे खरीच आहेत, पण तारीख नक्की आठवत नसेल तर महिना लिहा. अर्ज इंग्रजीत असेल तर प्रत्येक परिच्छेद मराठीत समजावून घ्या, मगच सही करा. वकिलांना पहिल्याच भेटीत लेखी द्या: मी पाहिलेले, ऐकलेले आणि कागदाने दाखवता येणारे एवढेच घालायचे. तरी ते ऐकत नसतील तर वकील बदला.

पैशांत माणूस सगळ्यात लवकर घसरतो. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून ते सक्तीचे आहे. शिकवणीचे रोख पैसे, भावाच्या नावावर हलवलेली मुदतठेव, आईकडे ठेवलेले दागिने, सगळे त्यात आले पाहिजे. संयुक्त खात्यातून घरखर्चाला रक्कम काढलीत तर त्याच दिवशी पतींना संदेशाने कळवा आणि पावत्या जपा.

मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर तपशिलासह प्रार्थनाविनंती टाकू नका. प्रार्थनेच्या नावाखाली बदनामी होते, आणि तो संदेश उद्या न्यायालयात तुमच्याविरुद्धही येऊ शकतो. पाळक आणि भरवशाची एक बहीण, एवढ्यांनाच सांगा. मुलांकरवी निरोप धाडू नका आणि मुलांना बापाची बाजू विचारू नका.

मात्र खरे ते लपवणे ही सचोटी नव्हे. मारहाण झाली असेल तर तारखा आणि दवाखान्याच्या कागदांसह अर्जात लिहा. क्षमा केली म्हणून ते वगळायला हवे, असा दबाव मंडळीत येतो आणि तो चुकीचा आहे. धोका अजून असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागा. महिलांसाठी हेल्पलाइन 181, तातडीला 112.