पाटीवरची अक्षरं आधी बघा

ब्रिटनमधल्या रेल्वेची जुनी पाटी हातात आली की तिचा काळ ओळखायला नवखा माणूस आधी कंपनीचं नाव वाचतो. वाचा, पण त्यावर थांबू नका. १९२३ मध्ये बहुतेक कंपन्या विलीन होऊन चार मोठ्या कंपन्या झाल्या, म्हणून ‘मिडलँड रेल्वे’ असं ओतलेली अस्सल पाटी त्याआधीची. ग्रेट वेस्टर्न मात्र १८३५ पासून १९४७ पर्यंत त्याच नावाने चालली. तिथे नावावरून काही कळत नाही. मी स्वतः असाच एकदा फसलोय.

म्हणून अक्षरं बघायची. १९२९ मध्ये त्या चार मोठ्यांपैकी एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) या कंपनीने गिल सॅन्स हा टाइप, म्हणजे अक्षरांचं वळण, घेतला, आणि १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ‘ब्रिटिश रेल्वे’ या नव्या सरकारी रेल्वेनेही तोच उचलला. त्यातला ‘ओ’ जवळजवळ पूर्ण गोल, आणि ‘एम’चा मधला कोन तळापर्यंत न जाता अर्ध्यावरच थांबतो. बोट फिरवून बघा, लगेच कळेल. १९६५ पासून ब्रिटिश रेल्वेने घेतलेल्या रेल अल्फाबेट या टाइपमध्ये तो कोन थेट खाली टेकतो, शिवाय स्थानकांची नावंही पहिलं अक्षर सोडून लहान (लोअरकेस) अक्षरांत आली. ‘आय’वरचा ठिपका पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा दिसला तर ते एडवर्ड जॉन्स्टनने आखलेलं अक्षर, म्हणजे १९१६ नंतरचं लंडन अंडरग्राउंड.

बिडाच्या इशारा-पाट्यांवर कायद्याचं साल असतं. पाटी त्याआधीची नाही, एवढंच त्यावरून ठरतं. ओतली नेमकी कधी, ते नाही. विक्रेते हे सोयीस्कर विसरतात! आणि रंगावर तर अजिबात विसंबू नका, पाट्या पुन्हापुन्हा रंगवल्या जायच्या.