मैदानाचे आरक्षण आणि आपली हरकत

प्रश्न : आमच्या शहराच्या प्रारूप विकास आराखड्यात वस्तीलगतच्या खेळाच्या मैदानाचे आरक्षण वगळून ती जागा निवासी विभागात दाखवली आहे. एकाच मजकुराच्या निवेदनावर दोनशे रहिवाशांच्या सह्या घेऊन आम्ही हरकत नोंदवली असून आता सुनावणीचे पत्र आले आहे. अशा हरकतींचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : होतो. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते आणि गाळलेल्या वारसा वास्तू नागरिकांनीच हजारो हरकतींतून दाखवून दिल्या, आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो आराखडा नव्याने तपासायला लावला.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ प्रमाणे आपली हरकत नियोजन समितीपुढे येते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार तिच्यात असतात. सह्या दोनशे असल्या तरी या समितीपुढे मुद्दा एकच राहतो, म्हणून तो पुराव्यानिशी मांडावा. मी पाहिलेल्या एका सुनावणीत एका निवृत्त शिक्षिकेने मंजूर आराखड्याचा जुना भाग नकाशा टेबलावर पसरला, आरक्षण क्रमांकावर बोट ठेवले आणि पुढचे मैदान मुलांच्या पावलांनी किती मिनिटांवर आहे, मध्ये कोणता हमरस्ता ओलांडावा लागतो, एवढेच सांगितले. तोवर घड्याळाकडे पाहणारे सदस्य नकाशावर वाकले. आपणही सर्व्हे क्रमांक, संध्याकाळच्या वेळची छायाचित्रे आणि आराखड्याच्या अहवालातीलच लोकसंख्येचे व मोकळ्या जागांचे आकडे सोबत न्यावेत.

त्याआधी एक चौकशी मात्र अवश्य करावी. आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना, म्हणजे जागा घ्या अशी नोटीस, देऊ शकतो, आणि मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. आपल्या मैदानाचे तसे झाले असेल, तर मैदानाची गरज पटवण्याबरोबरच जागा घेण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करा, असा आग्रह लोकप्रतिनिधींकडे धरावा लागेल. अशा वस्त्यांत पैशाअभावी मैदाने जातात, याचे मला फार वाईट वाटते.

समितीने हरकत फेटाळली तरी फाइल बंद करू नये. आराखडा मंजूर करताना शासनाने मोठ्या स्वरूपाचे फेरबदल सुचवले, तर कलम ३१ प्रमाणे त्या फेरबदलांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी राजपत्रावर लक्ष ठेवावे आणि आजच्या निवेदनाची आवक क्रमांकासह पोच जपून ठेवावी.