कॅक्टसवर तपकिरी डाग आलेत, औषध मारू का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी डोंबिवलीला राहते. दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून गोल्डन बॅरल कॅक्टस आणला, मोसंबीएवढा होता, हॉलच्या खिडकीत मस्त राहिला. एप्रिलमध्ये वाटलं कॅक्टस आहे तर ऊन हवंच, म्हणून पश्चिमेच्या गॅलरीत ठेवला. चार-पाच दिवसांत एका बाजूला पांढरट पिवळा पट्टा आला, मग तो तपकिरी झाला. पाणी कमी पडलं असेल म्हणून रोज थोडं थोडं घालायला लागले. आता पावसाळ्यात खाली मातीजवळही तपकिरी झालंय. शेजारच्या काकू म्हणतात बुरशी आहे, औषध मार. औषध आणून ठेवलंय. मारू का? झाड वाचेल ना?

उत्तर: औषध अजून मारू नका, बाटली बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हे दोन वेगळे डाग वाटतायत, आणि दोघांना एकच औषध लावून काहीच होणार नाही.

वरचा पट्टा उन्हाचा आहे. एकाच बाजूला, तेही पश्चिमेच्या, आधी पांढरट मग तपकिरी, हे भाजल्याचंच लक्षण. आता तुम्ही म्हणाल हा तर मेक्सिकोचा, याला उन्हाचं काय? तिथल्या केरेतारो-हिदाल्गो भागात हा डोंगरउतारांवर वाढतो हे खरं (झिमापान धरणात त्याची बरीच जागा बुडाली, मूळ ठिकाणी आता तो धोक्यात आलेल्यांत आहे, म्हणून घरचा एकसुद्धा नीट सांभाळावा असं मला मनापासून वाटतं), पण नर्सरीतलं रोप हिरव्या नेटखाली वाढलेलं असतं, त्यात तुमच्याकडे दोन वर्षं काचेआड राहिलं आणि एकदम एप्रिलचं दुपारचं ऊन अंगावर आलं. माणूस असता तरी कातडी सोलली असती. हा डाग पुन्हा हिरवा होणार नाही, पण तो पसरतही नाही, कडक कोरडा राहतो, आणि वरून नवीन वाढ येते तसा वर्षांमागून वर्षं खाली सरकत जातो. पाणी कमी पडल्याने असा पट्टा येत नाही, त्यामुळे रोजचं पाणी मात्र आजच बंद करा.

खालच्या डागाचीच मला काळजी आहे. तिथे पेन्सिलच्या मागच्या टोकाने हळूच दाबून बघा. लाकडासारखं कडक, कोरडं, फिकट तपकिरी असेल तर ते वयाचं आहे, बुडाकडून साल धरते, आंब्याच्या खोडाला धरते तशी, त्याला काही करायचं नाही. पण दाबल्यावर आत जातंय, ओलसर लागतंय, वास येतोय किंवा रंग काळपट आहे, तर ती कूज आहे आणि मग थांबायचं नाही, त्याच दिवशी हात घाला.

कुंडीतून काढा, जाड वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून धरा म्हणजे काटे लागत नाहीत. मुळं पांढरी-भुरकी आणि टणक असतील तर नशीब, सगळी ओली माती झटकून झाड आठवडाभर सावलीत वाऱ्यावर नुसतं ठेवा आणि मग कोरड्या मिश्रणात लावा. मुळं काळी लिबलिबीत असतील तर स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खालून कापत जा, दर कापाला सुरी परत पुसा, आतला गर स्वच्छ फिकट दिसेपर्यंत कापा, मधोमध एक तपकिरी ठिपका राहिला तरी कूज तिथूनच वर चढते. मग कापावर गंधकाची पूड लावा आणि दोन-तीन आठवडे सुकू द्या. खरं सांगते, गोल्डन बॅरल कापल्यावर मुळं धरायला अवघड आहे, सगळी वाचत नाहीत, पण ओल्या मातीत ठेवलं तर नक्कीच जाणार, त्यामुळे करून बघाच.

कीड आहे का तेही आत्ताच बघून घ्या. डाग नखाने खरवडल्यावर टरफलासारखा सुटला तर ती खवले कीड. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. दोन्हींना कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन एकेक करून पुसायचं, दर आठवड्याला. शेंड्याजवळ गंजासारखी बारीक तपकिरी झाक आली असेल तर पांढरा कागद धरून झाड टिचकीने हलवा, कागदावर चालणारे ठिपके दिसले की लाल कोळी. कोळ्यावर बहुतेक बुरशीनाशकं चालत नाहीत, म्हणूनच आधी ओळखा म्हणते.

पुढे असं होऊ नये म्हणून माती बदलाच. नर्सरीत बरीचशी रोपं कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतात आणि ते आपल्या पावसाळी हवेत दिवसेंदिवस ओलं राहतं. एक भाग माती किंवा जुनं कंपोस्ट आणि दोन भाग जाड वाळू-विटेचे बारीक तुकडे, एवढं पुरे, फक्त वाळू समुद्राची नको, मीठ असतं. कुंडी मातीची, भोकाची. पाणी घालायच्या आधी अगरबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा, कोरडी आली तरच घाला, पण मग खालून वाहेपर्यंत घाला, रोज चमचाभर घालण्याची सवय सोडा. उन्हाळ्यात हे साधारण आठ-दहा दिवसांनी येतं, पावसाळ्यात महिनाभर नाही घातलं तरी चालतं, आणि पावसाची झड लागणार नाही अशा जागी ठेवा. ऊन परत द्यायचंय तर आधी सकाळचं एक तास, मग दोन, असं तीन आठवड्यांत वाढवा. आणि हो, डागाच्या कडेने आज पेनाने रेघ मारून ठेवा, पंधरा दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर गेला नाही तर झाड सुटलं.

प्रश्न: माझ्या लाल मून कॅक्टसचं खालचं हिरवं खोड तपकिरी होतंय, वरचा लाल गोळा ठीक आहे. काय करू? (वाचक, नाशिक)

उत्तर: ही दोन झाडं आहेत. लाल गोळ्यात हरितद्रव्य नाही, त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, ते खालचं खोड करतं आणि ते बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटच्या जातीचं असतं. तेव्हा वरचा आज ठीक दिसला तरी खोड गेलं की तोही जाणार. खोड कडक असेल तर राहू द्या, मऊ असेल तर वाट बघू नका. ड्रॅगनफ्रूटची ताजी टणक फांदी आणा, गोळा खालून स्वच्छ कापा, दोन्हींच्या मधली गोल रिंग एकमेकींना टेकेल असा बसवा आणि गोळ्यावरून आणि कुंडीखालून रबर बँड घालून दोन आठवडे सावलीत ठेवा. गोळ्याला बाजूने पिल्लं आली असतील तर एखादं वेगळ्या फांदीवर लावून ठेवा, म्हणजे एक कलम धरलं नाही तरी दुसरं हातात राहील.