रोबोटिक हात-तपासणी यंत्रासाठी प्लॉट तारण ठेवावा का?

प्रश्न: जळगावात माझं फिजिओथेरपी केंद्र आहे. लकव्यानंतर हाताची ताकद किती उरली, हे मोजणारं रोबोटिक यंत्र 15 लाखांना मिळतंय. 3 लाख घरचे, 12 लाख प्लॉट तारण ठेवून. घ्यावं का?

उत्तर: डॉक्टर, या अटींवर आत्ता घेऊ नका.

12 लाखांवर 11 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिना साधारण 26,100 रुपये. देखभाल करार वर्षाला 90,000, म्हणजे महिना 7,500. एकूण 33,600. तपासणीचे 600 रुपये धरलेत, तर नुसत्या यंत्रासाठीच महिना 56 तपासण्या हव्यात. तुमच्याकडे हाताचे नवे पेशंट महिन्याला दहा; सुरुवातीला, सहा आणि बारा आठवड्यांनी मोजलं तरी 30च होतात, 18,000 येतात. त्यात बोटं पट्ट्यांत बसवण्यासकट एकेका तपासणीला 40 मिनिटं. तेच 20 तास व्यायामाला दिले, तर 40 मिनिटांच्या सेशनचे 400 प्रमाणे 12,000 मिळतात. हा तोटा कोटेशनमध्ये दिसत नाही. रावेर-यावलहून एसटीनं येणारा माणूस व्यायामाचे पैसे देतो, तिसऱ्या तपासणीचे देईलच असं नाही.

यंत्राचा उपयोग मात्र खरा आहे. लकव्यानंतर हालचाल किती परतली हे गुणांत मोजणाऱ्या फुगल-मायर चाचणीत हाताला एकूण 66 गुण, त्यात पंजाला 14, आणि प्रत्येक हालचालीला 0, 1 किंवा 2. बोटाचा जोर किंचित वाढला तर गुण हलत नाही, यंत्रात तो दिसतो. बोट ताठर आहे की कमजोर, हेही वेगळं कळतं. पण सांधा आणि यंत्राचा आस जुळला नाही, पट्टी सरकली किंवा पेशंटनं मनगटानं रेटलं, की आकडा फसतो. डेमोत एकाच पेशंटला दोन वेगळ्या तपासणाऱ्यांकडून तीन-तीनदा मोजून घ्या. दोघांचे आकडेच जुळत नसतील, तर पुढे दिसणारी सुधारणा खरी कशी मानणार?

तोवर ताकद मोजायला पकडीचा डायनामोमीटर आणि चिमटीचा गेज, हाताची चपळाई मोजायला नऊ भोकांची पाटी आणि ठोकळ्यांची पेटी घ्या. दोन-तीन हप्त्यांच्या पैशांत होईल. कोपर काटकोनात ठेवून पकड तीनदा मोजा, सरासरी लिहा.

एखादं न्यूरो हॉस्पिटल महिना 30 तपासण्या लेखी देत असेल आणि मोजायला शिकवलेला मदतनीस असेल, तर पुन्हा हिशेब मांडू. तेव्हाही प्लॉट नको, यंत्रच तारण राहील असं कर्ज बघा. फिजिओथेरपीवर जीएसटी नाही, त्यामुळे यंत्रावर भरलेला जीएसटी वळता होत नाही. 15 लाखांत तो धरलाय का, आणि बिघाड झाला तर इंजिनिअर जळगावात किती दिवसांत येईल, हे लेखी घ्या.