नाव सांगण्याआधी नमुना पाहू दे

सप्रेम आशीर्वाद.

भूशास्त्र विभागात रुजू झाल्याचे तुझे पत्र मिळाले. तासिका आणि प्रात्यक्षिके यांतच वर्ष संपेल व संशोधन मागे पडेल, अशी भीती तू व्यक्त केली आहेस. ती निराधार नाही. पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात, नीट शिकवलेले प्रात्यक्षिक कोणी मोजत नाही. तरीही जीवाश्मशास्त्रापुरते मी असे म्हणेन की अध्यापन आणि संशोधन या दोहोंचे भांडवल एकच, ते म्हणजे विभागातील नमुन्यांचे कपाट. ते आधी ताब्यात घे, आणि जुन्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे पहिल्याच महिन्यात काढून ठेव, कारण शाई उडत जाते.

प्रात्यक्षिक परीक्षेत आपले विद्यार्थी बऱ्याचदा जीवाश्म ओळखतच नाहीत. त्यावर रंगवलेला क्रमांक किंवा कडेचा उडालेला टवका ओळखतात. यात दोष त्यांचा कमी आणि वर्षानुवर्षे तेच नमुने त्याच क्रमाने मांडणाऱ्या आपला जास्त आहे. नागपूरच्या टाकळी परिसरातील, दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या थरांतला फायसा हा गोड्या पाण्यातला शंख घे. नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात ज्या थरांतून जीवाश्म गोळा केले, तेच हे इंटरट्रॅपियन थर. शंखाचे टोक वर आणि मुख आपल्याकडे धरले, तर बहुतेक शंखांचे मुख उजव्या हाताला येते, फायसाचे डाव्या हाताला. नमुना न पाहता काढलेल्या आकृतीत ते हमखास उजवीकडे जाते, आणि जर्नल तपासताना माझी पहिली नजर तिथेच जात असे. म्हणून नाव न सांगता नमुना हातात दे, भिंगाखाली पाहू दे, आकृती काढू दे, आणि मगच नाव विचार. अभ्यासक्रम थोडा मागे राहिला तरी चालेल.

नावे बदलतात, नमुना राहतो. गुजरातमधील ढोली डुंगरी येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना डायनासोरची अंडी आणि काही हाडे सापडली. 1987 साली ती हाडे डायनासोरच्या पिल्लाची म्हणून प्रसिद्ध झाली. पुढे 2001 मध्ये अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा त्यातले काही मणके सापाचे असल्याचे त्यांच्या लक्षात आले. 2010 साली ‘सनाजेह इंडिकस’ या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले: घरट्यात, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून असलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप. पहिला अर्थ अपुरा ठरला तरी दगड जपलेला होता आणि तो कुठला हे लिहिलेले होते, म्हणून त्याच जागी पुन्हा जाता आले. ही हकिकत विद्यार्थ्यांना सविस्तर सांग. जीवाश्मशास्त्र म्हणजे नावांचे पाठांतर हा समज याने जितका दूर होतो, तितका कोणत्याही व्याख्यानाने होत नाही.

कच्छच्या सहलीत अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या सागरी प्राण्याचा वेटोळा शंख, दिसला की मुले आधी हातोडा उगारतात. तिथे कठोर राहा. आधी थराची नोंद, नती (थर किती कललेला आहे ते), जागेचे अक्षांश-रेखांश आणि थराची वरची बाजू दाखवणारा बाण, मग छिन्नी. क्रमांक नमुन्यावरही हवा आणि ज्या वर्तमानपत्रात तो गुंडाळला त्यावरही. मोठा, पूर्ण नमुना जागेवरच राहू द्यावा, असे माझे मत आहे. पुढच्या वर्षीच्या मुलांनाही तो तिथेच पाहायला मिळाला पाहिजे. नोंदीचे महत्त्व पटवायला मुंबईचे उदाहरण पुरेसे आहे. वरळीच्या थरांतून मिळालेल्या इवल्याशा बेडकाचे वर्णन ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली केले. आज त्या भागात इमारतींची दाटी आहे.

तुझ्या वर्गातले बहुतेक जण जीवाश्मशास्त्रज्ञ होणार नाहीत. कोणी भूजल सर्वेक्षणात जाईल, कोणी बोगद्याच्या कामावर, एखादा तेलविहिरीच्या चुऱ्यातून फोरामिनिफेरा, म्हणजे एकपेशीय सागरी जीवांची सूक्ष्म कवचे, निवडत बसेल. त्यामुळे अनेकांना कंटाळवाणा वाटणारा सूक्ष्मजीवाश्मांचा भाग उरकून टाकू नकोस. पोटापाण्याच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगी आहे.

एक काम मात्र कोणी सांगणार नाही, ते स्वतःहून कर. परिसरातील शाळांच्या भूगोल शिक्षकांना वर्षातून एकदा घाटरस्त्यावर ने. दोन बसाल्ट प्रवाहांच्या मधला तांबडा थर दाखव आणि दोन उद्रेकांच्या दरम्यान खालचा खडक कुजून त्याची माती व्हायला अवधी मिळाला होता, हे त्यांनाच त्या थरावरून काढू दे. जीवाश्म मिळाला नाही तरी काळ कसा वाचायचा, हे तिथे कळते, आणि ते शिक्षक दरवर्षी वर्गच्या वर्ग शिकवत असतात. पत्रे जूनमध्येच पाठव. शाळेचे वेळापत्रक एकदा लागले की शनिवार मिळत नाहीत.

तुझा,
एक जुना शिक्षक