एकाच केसमध्ये भावाला फाशी आणि चुलत भावाला जन्मठेप, असं कसं?

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे, नाव-गाव काढून थोडक्यात देतो.

"सर, मार्च २०२० मध्ये बांधाच्या भांडणातून आमच्या शेजारच्या शेतकऱ्यांच्या घरातले तिघं गेले. केस माझ्या भावावर आणि चुलत भावावर झाली. गेल्या आठवड्यात सेशन कोर्टाचा निकाल लागला, साक्षीदार तेच, कलम तेच, पण माझ्या भावाला फाशी आणि चुलत भावाला जन्मठेप. शेजारच्या जिल्ह्यात असंच तीन खुनांचं प्रकरण झालं तिथं सगळ्यांना जन्मठेपच झाली. हा अन्याय नाही का? हाच मुद्दा घेऊन आम्ही हायकोर्टात जावं का? भाऊ तेव्हा १८-१९ चा होता, आधारवर १ जून २००१ आहे. गावातले म्हणतात लगेच राष्ट्रपतींना दयेचा अर्ज करा, आईची सही पण घेऊन ठेवलीय."

ताई, आधी तो अर्ज बाजूला ठेवा. दयेचा अर्ज ही शेवटची पायरी आहे, हायकोर्ट झालं, सुप्रीम कोर्ट झालं की मग. सेशन कोर्टाने फाशी दिली म्हणून उद्या कोणी फाशी देत नाही, ती शिक्षा हायकोर्टाने कन्फर्म केल्याशिवाय अमलातच येत नाही, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ३६६ कलम होतं, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ४०७. फाईल कोर्टच हायकोर्टाला पाठवतं, तुमच्या बाबतीत औरंगाबाद खंडपीठात, आणि तिथं दोन जज पुरावा परत पहिल्यापासून तपासतात. निर्दोष सोडू शकतात, फाशीची जन्मठेप करू शकतात, कमी पडलेला पुरावा नव्याने घ्यायला सांगू शकतात. तरी पण फाईल आपोआप जाते म्हणून गप्प बसू नका, भावाचं स्वतःचं अपील ३० दिवसांत गेलंच पाहिजे, निकालाची कॉपी फाशीच्या केसमध्ये लगेच आणि फुकट मिळते, कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न. अन्याय आहे का? ताई, तुम्ही जे म्हणताय ते सुप्रीम कोर्टाने स्वतः कबूल केलेलं आहे, एकदा नाही अनेकदा. १९८० च्या बच्चन सिंग निकालात ठरलं की फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगार पण बघायचा, तो सुधारणारच नाही हे सरकारने दाखवायचं. कागदावर छान आहे. पण त्याच निकालात न्या. भगवती वेगळं मत देऊन बसले, त्यांचं म्हणणं साधारण हेच की कोणत्या बेंचसमोर केस लागते त्यावर माणूस जगतो की मरतो ते ठरतं.

आणि तेव्हाच याचं जिवंत उदाहरण समोर होतं. उत्तर प्रदेशात एका केसमध्ये चार खुनांसाठी तिघांना फाशी झाली, तिघांचा रोल सारखा. तिघं सुप्रीम कोर्टात वेगवेगळे गेले. एकाचा अर्ज फेटाळला, दुसऱ्याची फाशी जन्मठेपेत बदलली, तिसऱ्याचाही फेटाळला. पहिल्याला ऑक्टोबर १९८१ मध्ये फासावर दिलं. तिसऱ्यालाही त्याच दिवशी द्यायचं होतं, तो ऐनवेळी परत कोर्टात गेला म्हणून थांबलं, आणि मग सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड (आपल्या पुण्याचे) यांच्या बेंचने १९८२ मध्ये त्याची शिक्षा बदलावी अशी राष्ट्रपतींना शिफारस केली. गेलेल्याचं काय, तर काही नाही. हरबन्स सिंग केस म्हणून आम्ही वकील आजही ती दाखवतो.

मग तुम्ही म्हणाल, झालं की, हाच मुद्दा. थांबा. इथंच मला तुम्हाला सावध करायचंय.

"त्याला जन्मठेप तर याला का नाही" हे वाक्य हायकोर्टात दोन्ही बाजूंनी चालतं. सरकार पण उलटं म्हणू शकतं की बरोबर आहे, दोघं सारखेच, मग दुसऱ्याचीही शिक्षा वाढवा. ही नुसती भीती घालत नाहीये, आपल्याच महाराष्ट्रात घडलंय. अंकुश मारुती शिंदे केस. नाशिकच्या सेशन कोर्टाने सहा जणांना फाशी दिली, हायकोर्टाने तिघांची ठेवली आणि तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिलला सहाही जणांना फाशी केली. पुढची गंमत (गंमत कसली!) बघा, दोन आठवड्यांनी १३ मेला सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या बेंचने, तीही महाराष्ट्रातलीच बरियार केस, सांगितलं की फक्त गुन्हा बघायचा, गुन्हेगार नाही, असं म्हणणारा जुना रावजी निकाल चुकीचा आहे, बच्चन सिंगच्या विरुद्ध आहे. आणि त्या सहा जणांची फाशी त्याच रावजीच्या आधारावर होती! २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी अशा १३ कैद्यांची फाशी रद्द करा म्हणून राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. शेवटी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. भटके लोक होते, सोळा वर्षं गेली आत.

म्हणून तुमच्या चुलत भावाचं अपील वेगळ्या वकिलाकडे द्या आणि घरात बसून "तोच मेन होता" असं एकमेकांवर ढकलायचं बंद करा, त्यातून दोघंही बुडतात. समानतेचा मुद्दा घ्यायचाच, पण निकालपत्रात जजसाहेबांनी दोघांत फरक नेमका कशावर केलाय ते बघून. फाशीला खास कारणं लिहावीच लागतात. ती चार-पाच पानं मला पाठवा, बाकीचं नंतर बघू. भावाच्या हातातलं हत्यार, आधीची धमकी, काहीतरी असेलच. शेजारच्या जिल्ह्याच्या केसचं मात्र फार करू नका, कोर्ट म्हणतं प्रत्येक केस वेगळी, तिथं डोकं आपटून उपयोग नाही.

खरं काम दुसरीकडे आहे. तुम्ही पाठवलेल्या रोजनाम्यात (कोर्टात त्या त्या दिवशी काय झालं त्याची नोंद) मी बघितलं, दोषी ठरवलं सकाळी आणि शिक्षेवर सुनावणी त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर. तुमच्या वकिलांचं म्हणणं अडीच ओळी: तरुण आहे, गरीब आहे, म्हातारी आई आहे. बस. मी ३० वर्षं कोर्टात आहे ताई, या अडीच ओळी मी शेकडो निकालांत वाचल्यात, फक्त नाव बदलतं. जज तरी काय करणार, त्यांच्यासमोर फोटोतले तीन मृतदेह आहेत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की फाशीआधी आरोपीचं बालपण, घर, शिक्षण, आजार, तुरुंगातलं वागणं, प्रोबेशन ऑफिसरचा आणि मानसोपचारवाल्यांचा रिपोर्ट, हे सगळं मागवायचं. तरी खालच्या कोर्टात पळापळ चालूच. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या दुपारे केसमध्ये तर सुप्रीम कोर्टाने, रिव्ह्यू (त्याच कोर्टाकडे फेरविचाराचा अर्ज) फेटाळून झालेला असताना, हे नियम पाळले नाहीत म्हणून शिक्षेवर परत सुनावणी घ्यायला लावली. तुमच्या केसमध्ये निकाल आत्ताचा आहे, म्हणजे हे नियम नव्हते असं कोणी म्हणूच शकत नाही. हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा, समानतेपेक्षा कितीतरी.

तेव्हा हायकोर्टात हे रिपोर्ट मागवायचा अर्ज अपीलाबरोबरच टाकायचा. आणि तुम्ही घरी काय करायचं तर पत्र्याची पेटी काढा. शाळेचे रिझल्ट, लहानपणी कुठं ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेला असेल तर ते, डोक्याला मार लागला होता का, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी, वडील दारू पिऊन मारायचे का (लाज वाटली तरी सांगा, हे लपवायचं नाही), शाळेतले एखादे गुरुजी जे आजही नाव काढतात. तुरुंगात पाच वर्षांत परीक्षा दिली का, कोणतं काम शिकला, भांडण केलं का.

आता वय. १ जून! मराठवाड्यातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून आहे, गुरुजींनी नाव घालताना शाळा उघडायची सोयीची तारीख टाकलेली असते. आधारवर इथं जाऊ नका. बालन्याय कायद्यात आधी शाळेचा दाखला बघतात, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर मेडिकल टेस्ट. म्हणून पहिलीत नाव घातलं त्याच शाळेचं जनरल रजिस्टर बघा, नंतरच्या हायस्कूलचं नाही, आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंदही काढून आणा. मार्च २०२० ला तो १८ च्या खाली निघाला तर फाशीचा प्रश्नच उरत नाही, आणि हा मुद्दा केस संपून गेल्यावरही काढता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या सात खुनांच्या केसमध्ये फाशीची शिक्षा झालेला एक जण घटनेच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता हे २०२३ मध्ये सिद्ध झालं, राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरवरून. २८ वर्षं आत काढली त्याने. त्याच केसमध्ये दुसऱ्याची फाशी राष्ट्रपतींनी जन्मठेप केली होती आणि तिसरा माफीचा साक्षीदार होऊन सुटला होता. तुमच्या "असं कसं" ला याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही. फक्त एक, दाखला "करून" घेऊ नका. गावात दोन हजारांत करून देणारे असतात, तसा कागद कोर्टात पकडला गेला की भावाच्या बाकी खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि वय १८ च्या वर निघालं तरी जेमतेम १८ चा पोरगा होता हा मुद्दा राहतोच.

अजून एक कडक सांगतो. समोरच्या घरी समझोत्याला माणूस पाठवलाय असं तुम्ही लिहिलंय, ते ताबडतोब थांबवा. खुनाची केस आपसात मिटत नाही, उलट साक्षीदारांवर दबाव म्हणून तेच तुमच्यावर येईल, आणि त्या घरातनं तीन माणसं गेलीत हे आपण विसरायचं नाही.

वकिलाच्या फीचं म्हणाल तर परवडत नसेल तर हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा, जेलमधून भावाने केला तरी चालतो. सीनियर मागा, फाशीची केस केलेला मागा, असं लिहून मागता येतं. रविवारी भेटायला जाल तेव्हा त्याला सांगा की अपील चालू असेपर्यंत त्याला एकट्याला वेगळ्या कोठडीत कोंडून ठेवता येत नाही, १९७८ पासूनचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, ठेवलं असेल तर मला लगेच कळवा. आणि निकालपत्राच्या शेवटच्या पानाचा फोटो आजच पाठवा, तारीख दिसेल असा, ३० दिवस तिथून मोजायचेत.